गवत ज्याचं, नफा त्याचा

शेळी-मेंढीपालनाच्या कर्जप्रकरणाला एक प्रकल्प अहवाल जोडलेला असतो. त्यात जनावरांची किंमत, गोठ्याचा खर्च, खुराक, औषधं, विमा अशा ओळी असतात आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत निव्वळ नफा. बँकेत शेतीकर्जाच्या टेबलाशी बसून मी असे अहवाल वर्षानुवर्षं वाचले. प्रत्येक वेळी माझी नजर एकाच ओळीवर थांबायची. ‘चराई’पुढं एक तर शून्य लिहिलेलं असायचं, नाही तर ती ओळच गाळलेली असायची. मी माण तालुक्यातल्या धनगराची लेक. माझ्या आजानं आणि वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मेंढरांवर जे मिळवलं ते या ओळीमुळं मिळवलं, आणि जे गमावलं तेही हिच्यामुळंच गमावलं.

मेंढरं परवडतात का, असं आज पोरं विचारतात. शिकलेली पोरं, नोकरी न मिळालेली, थोडी जमीन असलेली. त्यांना मी आमच्या घराचा जुना हिशेब सांगते. तो कुठल्या वहीत नाही, आईच्या तोंडी होता. शंभरेक वर्षांत या धंद्याचं उत्पन्न कुठून कुठं सरकलं, हे त्यातून नीट कळतं.

माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही कधी निम्म्यावर येतो. माळ उथळ मातीचा. पावसाळ्यात त्यावर बोटभर, वीतभर गवत येतं आणि दिवाळीनंतर वाळून जातं. या माळावर नांगर चालवून जेवढं पिकेल, त्याहून जास्त मेंढराच्या तोंडातून मिळत होतं. दख्खनी मेंढी याच माळासाठी घडलेली. रंग बहुतेक काळा, लोकर राठ, मादीचं वजन पंचवीस-तीस किलो, वेताला एकच कोकरू. अंगानं लहान म्हणून खाणं थोडं, पाय कणखर म्हणून चालणं खूप.

चालणं हीच या धंद्याची युक्ती होती. दिवाळी झाली की आमचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे चार-पाच घरांची माणसं आणि त्यांची एकत्र केलेली मेंढरं. फलटण, लोणंद, शिरवळ करत भोर, तिथून वरंधा घाटानं खाली महाडच्या अंगाला. घोड्यावर पाल, भांडी, कोंबड्या, वाटेत जन्मलेलं कोकरू आणि चालता न येणारं मूल. ते मूल मीही होते. कोकणात भाताची कापणी उरकलेली असायची, खाचरं मोकळी, डोंगरउतारावर पाला हिरवा. मृगाच्या आधी परत फिरावंच लागे, कारण कोकणच्या चिखलात दख्खनी मेंढीचे खूर कुजतात. देशावर पहिल्या पावसानं माळ हिरवा झाला की कळप घरी. दोन प्रदेशांचं गवत दोन ऋतूंत खायचं आणि एकाही ठिकाणी चारा विकत घ्यायचा नाही, असं हे गणित होतं.

ही वाट किती जुनी आहे, याचा पुरावा आमच्या देवांत सापडतो. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर महाराष्ट्रात राहून धनगरांचे देव, ओव्या आणि वाटा अभ्यासत होते. खंडोबा, बिरोबा, वीरचा म्हस्कोबा यांच्या कथांत देव भक्ताच्या मागोमाग, मेंढरांबरोबर मुलूख बदलतो. ज्या वाटेवर चरायला मिळालं, त्या वाटेवर ठाणी उभी राहिली. याच समाजातून मल्हारराव होळकर निघाले, चौंडीच्या अहिल्यादेवी निघाल्या. राज्यं आली आणि गेली, चराईच्या वाटा मात्र त्यानंतरही चालत राहिल्या.

आईच्या हिशेबात मेंढराची कमाई चार ठिकाणांहून यायची: खत, लोकर, दूध आणि कोकरू. दुधाचं थोडक्यात सांगते, कारण ते विकलं जात नसे. मेंढीचं दूध घरापुरतं. कळपात चार शेळ्या असायच्या त्या चहाच्या दुधासाठी, आणि आई मेलेल्या कोकराला पाजण्यासाठी. पैशाचा, म्हणजे त्या काळी धान्याचा, मोठा भाग खतातून येत होता. आजच्या तरुणाला यावर विश्वास बसत नाही, म्हणून ते सविस्तर सांगते.

वाड्याचा म्होरक्या एक मुक्काम पुढं जायचा आणि वावर ठरवून यायचा. संध्याकाळी कळप त्या वावरात नेऊन भोवती वाघर, म्हणजे दोरीची जाळी, लावायची. रात्रभर मेंढरं तिथं बसायची. सकाळी वाघर उचलून शेजारच्या पट्ट्यात लावायची. अशा रीतीनं सगळं वावर खतवून व्हायचं. शेणखत वाहायला बैलगाडी लागते आणि उकिरड्यात पडून त्याचा निम्मा कस जातो. मेंढरं मात्र आपल्या पायांनी वावरात येतात, लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी मातीत जातं. मुतातला नत्र तर शेणखताच्या गाडीतून कधीच मिळत नाही. शेतकरी लगेच वरवर पाळी घालायचा, म्हणजे उन्हानं कस उडू नये. एकदा मेंढरं बसली की पुढची दोन-तीन पिकं जोमदार येतात, असं बागायतदार सांगायचे आणि पुढच्या साली तेच बोलावणं धाडायचे.

मोबदला ठरायचा तो किती मेंढरं आणि किती रात्री यावर. देशावर ज्वारी-बाजरी पायलीनं, कोकणात भात. वर राखणाऱ्यांना जेवण, कधी गूळ, चहापत्ती, मीठ-मिरची. त्या धान्याच्या गोण्या घोड्यावर घातल्या की पुढचे कित्येक आठवडे बाजार करावा लागत नसे.

या धान्यानं पोट भरायचंच, पण आणखी एक मोठी गोष्ट व्हायची. रोजचा खर्च खतावर भागत असल्यानं कोकरू विकायची घाई नसे. कोकरू वाढायचं, मादी असेल तर कळपात राहायची, कळप फुगायचा. दुष्काळ पडला, लग्न आलं, कुणी आजारी पडलं, तरच बाजार. म्हणजे खत हा रोजगार होता आणि कळप हे भांडवल. माझ्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर चालू खर्च एका खात्यातून जात होता, म्हणून दुसऱ्या खात्याची मुद्दल अबाधित राहत होती. मेंढीच्या धंद्यात माणूस ज्या काळात खरोखर वर आला, तो हा काळ.

लोकरीचा हिशेब निराळा. कातरणी वर्षातून दोनदा व्हायची. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो. ती राठ असल्यानं स्वेटर-शालीच्या कामाची नव्हती, पण घोंगडीला तिच्याइतकी दुसरी लोकर नाही. बाया चरख्यावर सूत काढायच्या. आमचे आप्पा मेंढरांमागं चालता चालता चातीवर सूत काढायचे. ते सूत सणगराकडं जायचं. सणगर मागावर पट्ट्या विणून त्यांना चिंचोक्याची खळ लावायचे, मग दोन पट्ट्या जोडून घोंगडी तयार. पावसात खोळ, थंडीत पांघरूण, जमिनीवर अंथरूण, देवापुढं आसन, आणि बाजारात धान्य पसरायला कापड. शेतकऱ्याच्या घरात घोंगडी नाही असं होत नसे. लष्करी आणि सरकारी कामाला लागणाऱ्या जाड्याभरड्या कांबळ्यांनाही हीच लोकर चालायची. धनगराच्या हाती रोख पैसा येण्याची ही एक ठरलेली वेळ होती, आणि सणगराचं तर सगळं घरच तिच्यावर चालायचं.

आता एकेक उत्पन्न कसं गळत गेलं ते पाहा.

आधी खत. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, 1928 साली भाटघरचं मोठं धरण पुरं झालं, पुढं उजवा कालवा आला. बारामती, फलटण, माळशिरसच्या ज्या काळ्या वावरांत मेंढरं बसायची तिथं ऊस उभा राहिला. उसाच्या रानात मेंढराला जागा नाही, कारण ते रान मोकळं होतच नाही. त्यानंतर 1960 च्या दशकात संकरित बियाणं आणि पोत्यातलं खत गावोगाव पोचलं. ट्रॉम्बेच्या कारखान्याचं सुफला, मग युरिया, मग डीएपी. अनुदानावर मिळणारी ही पोती दुकानातून उचलून आणता येत होती, त्यासाठी म्होरक्याशी बोलणी करायची गरज नव्हती. 1964 साली आलेली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी बुटकी होती. दाणा वाढला, कडबा घटला. शेतकऱ्याच्या सोयीच्या प्रत्येक गोष्टीनं मेंढपाळाच्या ताटातलं थोडं थोडं काढून नेलं. यात शेतकऱ्याचा दोष मी काढत नाही. त्याचंही पोट होतं. पण मेंढपाळाच्या नुकसानीची नोंद कुठल्याच योजनेच्या जमाखर्चात झाली नाही, हे सांगितलंच पाहिजे.

मग लोकर. प्लॅस्टिकचा कागद आला आणि पावसातली घोंगडी गेली. पानिपतला जुन्या लोकरी चिंध्यांपासून बनणारी स्वस्त ब्लँकेटं आठवडी बाजारात ढिगानं विकायला आली. सणगरांची पोरं माग सोडून गवंडीकामाला आणि गिरण्यांत गेली. शेवटी अशी वेळ आली की मेंढी कातरण्याची मजुरी निघालेल्या लोकरीच्या किमतीहून जास्त झाली. तरी कातरावं लागतंच, नाही तर उन्हाळ्यात मेंढीला त्रास होतो, गोचीड वाढतात. आमच्या माळावर कातरलेली लोकर बाभळीच्या झुडपांत टाकून दिलेली मी पाहिली आहे. ज्या लोकरीवर आईनं माझ्या शाळेची फी भरली, ती लोकर टाकून द्यायलाही मजूर लावावा लागतो. यामुळं पुष्कळांनी दख्खनी सोडून जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढ्या घेतल्या. उंच, बाकदार नाकाच्या, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लोकर कमी आणि वजन जास्त. त्यांच्या नरांना मोठ्या किमती येतात. पण अंग मोठं म्हणजे खाणंही मोठं.

अशा रीतीनं चारांपैकी फक्त कोकरू शिल्लक राहिलं, म्हणजे मटण. मटणाचे भाव वाढले, हे खरं. मुंबईत 1971 साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला, शहरं फुगली, बकरी ईदची मागणी वाढली. आज किलोला सातशे-आठशे रुपये भाव ऐकून वाटतं की मेंढपाळ मालामाल असणार. पण बाजारात नीट उभं राहून पाहा. लोणंदला, आटपाडीला, म्हसवडला मेंढरू बहुधा नजरेवर, उक्त्या भावानं विकलं जातं. हेडा, म्हणजे जनावरांचा दलाल, पाठीवर हात फिरवतो, रुमालाखाली बोटं धरतो आणि सौदा होतो. त्याला वजनाचा अंदाज असतो, धनगराला गरजेची घाई असते. वीस किलोच्या कोकराचं मटण नऊ-दहा किलो पडतं. शिवाय मुंडी, पाय, वजडी वेगळी विकली जाते. वजनकाट्यावर विक्री जिथं सुरू झाली तिथं मेंढपाळाच्या हाती चार पैसे जास्त पडतात. प्रत्येक बाजार समितीनं हा काटा सक्तीचा करावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याहून मोठी गोष्ट अशी की खताचं धान्य बंद झाल्यावर रोजचा किराणाही कोकरू विकूनच आणावा लागला. तीन महिन्यांचं कोकरू आणखी तीन महिने ठेवलं तर किंमत बरीच वाढते, हे प्रत्येक धनगराला कळतं. पण तेवढं थांबायला घरात दुसरं उत्पन्न लागतं. पूर्वी ते होतं, आता नाही. भांडवलातून किराणा भरणारा धंदा कधी वाढत नाही. बाहेरच्या माणसाला मटणाचा भाव दिसतो, मला हे दिसतं.

आणि आता गवत. 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी डोंगर राखीव झाले. चराईला परवाना आला, फी आली, दंड आला. शेळी-मेंढी म्हणजे जंगलाची शत्रू असा समज सरकारी दप्तरात घट्ट बसला. लाकूड महत्त्वाचं मानलं गेलं, गवताला किंमत नव्हती. माळरान म्हणजे पडीक जमीन असं समजून तिथं खड्डे खणून झाडं लावली. पाचशे मिलिमीटर पावसात त्यांतली बरीच जगली नाहीत, पण चराई मात्र कायमची बंद झाली. आप्पांनी अशा एका बंद माळावरून कळप नेला म्हणून रखवालदारानं दोन कोकरं ठेवून घेतली होती. पावती दिली नाही. ती दोन कोकरं आईच्या हिशेबात पुढं कित्येक वर्षं येत राहिली.

गावोगाव गायरानं होती. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. पण गाव वाढलं की शाळा, पाण्याची टाकी, वीज उपकेंद्र, घरकुल, सगळं गायरानावरच आलं. तिथं घर बांधलेला भूमिहीन माणूसही आमच्यासारखाच गरीब, त्याला उठवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण बलदंडांनी नांगरून घेतलेली गायरानंही थोडी नाहीत, आणि ती कुणाची आहेत हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं.

दुष्काळ आला की हे सगळं एकदम उघडं पडतं. 1876-78 च्या दुष्काळात दख्खनची गुरंढोरं मेली. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळी कामांतून सुरू झाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 1955 च्या ‘बनगरवाडी’त दुष्काळानं वाडी ओस पडते, आणि आमच्या भागात ती कादंबरी वाचताना कुणाला काही नवल वाटत नाही. 1972 साली खडी फोडायला गेलेल्या बायांत माझी आई होती. गुरांच्या छावण्या निघाल्या, पण छावणी म्हटलं की सगळ्यांच्या मनात बैल आणि गाय. मेंढरांनी आपलं आपण पाहावं, अशी रीत. आमचा कळप त्या साली निम्म्याहून कमी झाला आणि पुन्हा कधी पूर्वीइतका भरला नाही.

मेंढरं कमी झाली तशा योजना वाढल्या, हाही इतिहासच आहे. 1978 साली पुण्यात शेळी-मेंढी विकास महामंडळ निघालं. पुढं त्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. त्याच सुमारास एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम आला आणि बँकांतून गरिबांना शेळ्या-मेंढ्यांचे गट मिळू लागले. कानात बिल्ला, विम्याचा कागद, हप्त्याचं कार्ड. हेतू चांगला होता. पण एकाच दिवशी वेगवेगळ्या बाजारांतून घेतलेली जनावरं एकत्र केली की रोगराई येणारच. पीपीआर हा रोग 1987 साली तमिळनाडूत पहिल्यांदा नोंदला गेला आणि नंतर देशभर पसरला. आता त्यावर लस आहे. ती आणि आंत्रविषाराची लस वेळेवर टोचून घेणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. 2017 साली राज्याची महामेष योजना आली: वीस मेंढ्या, एक नर आणि 75 टक्के अनुदान. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 नंतर पाचशे माद्या आणि पंचवीस नरांच्या गटाला 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. जनावरासाठी पैसा आहे. गवतासाठी किती आहे, ते एका साध्या हिशेबानं पाहू.

समजा वीस मेंढ्या आणि एक नर आहे. वर्षात अठरा कोकरं झाली, दोन मेली, चार कळपात ठेवली, बारा विकली. कोकराला 6,000 रुपये धरले तर 72,000. म्हाताऱ्या तीन मेंढ्या विकल्या, प्रत्येकी 7,000 प्रमाणे 21,000. एकूण 93,000. औषध-लसीला 4,000 जाऊ द्या. चराई मोकळी असेल तर हाती 89,000 रुपये राहतात, म्हणजे रोजचे साधारण 244. आता हाच गट दावणीला बांधा. एका मेंढीला दिवसाला किलोभर कोरडा चारा धरला तर एकवीस जनावरांना वर्षाला 7,665 किलो लागतो. आठ रुपये किलोनं 61,320 रुपये. कोकरांचं खाणं आणि गाभण मेंढीचा खुराक मी यात धरलेलाच नाही. तरीही हाती उरतात 27,680, म्हणजे दिवसाला 76 रुपये. बाकी सगळं तेच, फक्त गवत कुणाचं एवढाच फरक. त्या 76 रुपयांत पहाटे उठून गोठा झाडणारी, कोकरं पाजणारी, चारा कापणारी बाई आहे आणि तिचा नवरा आहे. दोघांची मजुरी धरली तर हा धंदा उघड उघड तोट्यातला आहे.

माझ्या आईची मजुरी कुठल्या हिशेबात कधी आलीच नाही. पाल ठोकणं, पाणी आणणं, सूत काढणं, रात्री कोल्ह्या-लांडग्याला जागणं, आणि चालत्या वाटेवर बाळंत होणं. मला शाळेसाठी आजीजवळ ठेवून ती वर्षातले सात-आठ महिने वाटेवर असायची. मेंढपाळाचा नफा म्हणून जे काही दिसतं, त्यातला फार मोठा हिस्सा न दिलेल्या मजुरीचा आहे. एक तो आणि दुसरा फुकटच्या गवताचा. हे दोन काढले तर मागं फारसं काही उरत नाही.

संशोधनानं यात काही मदत झाली का? झाली. फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 साली निंबकर कृषी संशोधन संस्था उभी केली. तिथं 1990 च्या दशकात बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी आणून तिच्यातला जुळी देण्याचा गुण दख्खनीत उतरवला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. एकाच्या जागी दोन कोकरं म्हणजे मोठीच गोष्ट, आणि मला त्या कामाबद्दल आदर आहे. पण जुळी पाजणाऱ्या मेंढीला चारा-खुराक जास्त लागतो. ज्याच्याकडं मका, घासाचा पट्टा, विहिरीचं पाणी आहे, त्याला तिचा लाभ पुरेपूर मिळतो. ज्याच्याकडं फक्त माळ आहे, त्याला आधी माळ हवा.

म्हणून पोरांना माझं सांगणं असं. ज्याच्या घरची दोन-चार एकर शेती आहे, बांधाला गवत आहे, कडबा-भुसकट आहे, शेवरी-सुबाभूळ लावायला जागा आहे, त्यानं दहा-पंधरा शेळ्या-मेंढ्या अवश्य पाळाव्यात. घरची दोन माणसं जेवढी मनापासून सांभाळतील तेवढ्याच. त्यात पैसा आहे, आणि लेंडीखत विकत न घेता घरच्या रानात जातं तो फायदा वेगळा. सांगोला-आटपाडीकडचे डाळिंबवाले आज पुन्हा रोख पैसे मोजून लेंडीखत घेतात, मेंढरं बसवतात. पोत्यातल्या खतानं जमिनी थकल्या, तेव्हा जुन्या व्यवहाराचं मोल कळलं. पण चारा विकत आणून, कर्ज काढून, शेड बांधून पाचशेचा गट करणाऱ्यानं अहवालाच्या शेवटच्या पानावर विश्वास ठेवू नये.

आणि ज्यांची शेती नाही, फक्त कळप आहे, त्यांचं काय? 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर आणि मेंढ्या सुमारे 27 लाख होत्या. एवढ्या जनावरांमागची माणसं तोवर कुठल्या गणनेत वेगळी मोजली गेली नव्हती. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पहिल्यांदाच भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद घेतली गेली. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गवताळ माळरानांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. पण वर्ष साजरं करून गवत मिळत नाही.

हक्क मात्र कायद्यात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळं आम्हाला पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य आणि वनावरचं अवलंबन दाखवावं लागतं. कागद कुणाकडंच नाहीत, हे खरं. पण नियमांत वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला जातो. ज्या वाटेनं आजा गेला, जिथं पाल पडलं, ज्या ठाण्यावर नारळ फुटला, ते सांगणारी माणसं अजून हयात आहेत, पण ती दरवर्षी कमी होत आहेत. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. वाड्यावरच्या शिकलेल्या पोरा-पोरींनो, या दिवाळीत कळप हलण्याआधी आपल्या म्हाताऱ्यांजवळ बसा, त्यांची वाट गावागावानिशी लिहून घ्या, सही-अंगठा घ्या, आणि तो कागद ग्रामसभेपुढं ठेवा.